आबांची धोकटी

आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, धोकटी आता माझ्याकडे आहे. काळपट, कडक झालेली चामड्याची पिशवी. आत दोन वस्तरे, धार लावायचा दगड, चामड्याचा पट्टा, कात्री, नखं काढायची नराणी, पितळेची चेपलेली वाटी आणि तळहातात मावेल एवढा आरसा. आरशाचा पारा कडेनं उडाला आहे. एकतीस वर्षं मी ज्युनिअर कॉलेजात समाजशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर पुस्तकं बरीचशी वाटून टाकली, धोकटी मात्र टेबलावर ठेवली आहे. का, ते सांगायचं तर आधी खळं सांगावं लागेल.

माण तालुक्यातलं आमचं गाव. आम्ही न्हावी. मोठा दुष्काळ पडायच्या आधीचं कुठलंसं साल असेल, शाळवाची सुगी होती आणि मी पाच वर्षांची. आबा मला बोटाला धरून खळ्यावर घेऊन गेले. तिवड्याभोवती बैल फिरून कणसं मळून झाली होती, उफणणी होऊन रास पडली होती. ज्वारीच्या त्या पिवळट ढिगाकडे बघताना डोळे दिपत होते. आबा खळ्याच्या कडेला उकिडवे बसले. शेतकरी त्यांच्यापेक्षा वयानं निम्मा होता. तो म्हणाला, "ये रं, आन पोतं हिकडं." आबांनी पोत्याचं तोंड धरलं. शेतकऱ्यानं पायली राशीत खुपसून भरली, वर छान शीग आली, आणि पोत्यात ओतायच्या आधी त्यानं तळहात मापावरून सपाट फिरवला. शिगेची ज्वारी पुन्हा राशीत पडली. वर्षभर त्या घरातल्या सगळ्या पुरुषांची डोकी आणि दाढ्या आबांनी केल्या होत्या, त्याचं ते बलुतं.

तो सपाट फिरलेला तळहात माझ्या डोळ्यांपुढून कधी गेला नाही. पुढे मी जे काही समाजशास्त्र शिकले, ते त्या तळहाताकडे वेगवेगळ्या जागी उभं राहून बघण्याचंच शिक्षण होतं, असं मला आता वाटतं.

एम.ए.ला कोल्हापुरात पहिली ओळख झाली ती प्रकार्यवादाची. समाज म्हणजे शरीर, संस्था म्हणजे त्याचे अवयव, प्रत्येकाचं काही कार्य, आणि सगळ्यांच्या कार्यातून शरीर जिवंत राहतं. एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १८९३ साली श्रमविभागणीवर ग्रंथ लिहिला. जिथं सगळे सारखंच काम करतात तिथली एकी साधर्म्यातून येते, तर जिथं कामं वाटलेली असतात तिथली एकी परस्परांच्या गरजेतून येते, ही त्याची मांडणी. या दुसऱ्या एकीला त्यानं सावयवी ऐक्य म्हटलं. मी ती मांडणी वाचली आणि मला आमचं गाव दिसलं. सुतार, लोहार, महार, मांग ही थोरली ओळ. कुंभार, चांभार, परीट, न्हावी ही मधली. भट, मुलाणा, गुरव, कोळी ही धाकटी. गावागणिक यादीत थोडा फरक पडायचा, पण बारा जण कुणब्याला लागायचे आणि कुणबी बारा जणांना. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली पुस्तक लिहिलं त्याचं नावच 'गावगाडा'. गाडा म्हटलं की चाक, आरा, आख, जू, सगळं आलं. आत्र्यांनी तो गाडा कुरकुरतानाही पाहिला होता आणि कुणब्यावर पडणारा त्याचा भार तपशिलानं लिहिला होता. पण माझ्या विशीतल्या मनानं त्यांच्याकडून फक्त गाडा घेतला, कुरकुर घेतली नाही.

खरं सांगते, त्या काळात मला फार बरं वाटलं होतं. लहानपणी शाळेत "न्हाव्याची पोर" म्हणून ऐकलं होतं, आणि इथं तर एक मोठा विद्वान सांगत होता की आमच्याशिवाय गाव चालत नाही. रॉबर्ट मर्टन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९४९ मध्ये प्रकट आणि अप्रकट कार्य असा भेद केला, तो तर आबांसाठीच केल्यासारखा वाटला. आबांचं प्रकट कार्य हजामत. अप्रकट कार्य केवढं तरी! लग्नाचं आवतण गावभर द्यायचं, सोयरिकीच्या गोष्टी या गावातून त्या गावात न्यायच्या, नवरदेवाच्या मागं उभं राहायचं, मयताच्या घरी डोकी करायला जायचं. जन्मापासून मरणापर्यंत माणसाच्या अंगाला वस्तरा लागल्याशिवाय त्याचा दर्जा बदलत नसे. जावळ काढलं की बाळ घरात रुजलं, दहाव्याला क्षौर झालं की सुतक फिटायच्या वाटेला लागलं. नोकरी लागल्यावर बरीच वर्षं मी बलुतेदारी अशीच शिकवली, मनापासून. मुलं लिहून घ्यायची: परस्परावलंबन, सहकार्य, सुरक्षितता.

त्यातलं खोटं काहीच नव्हतं. वतनी कामाला वारसा होता, म्हणून दुसरा न्हावी येऊन आबांची घरं घेऊ शकत नव्हता. वाईट सालातही कुणीतरी पसाभर द्यायचंच. ही सुरक्षितता खरीच होती, आणि ज्यानं उपास काढलेत त्यालाच तिची किंमत कळते. पण माझ्या नोटमध्ये तळहात कुठं बसत नव्हता. मी तो बसवलाच नव्हता.

मार्क्स वाचायचा म्हणून एम.ए.लाही वाचला होता, पण पचला तो नंतर, आजीच्या तोंडून. मी सहज विचारलं होतं की आबांनी कधी म्हटलं नाही का, शिगेचं माप घाला म्हणून? आजी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जिमीन कुणाची हुती?" एवढंच. सगळं तिथंच होतं. काम आधी, वर्षभर. मोबदला नंतर, एकदाच. आणि मोबदला मोजायचं माप देणाऱ्याच्या हातात. मध्येच काम सोडलं तर झालेल्या कामाचं बुडालं. भांडलं तर पुढच्या सुगीला माप आणखी हलकं. गाडा चालत होता हे खरं, पण गाड्यात कोण बसलंय आणि जू कुणाच्या मानेवर आहे, हे गाड्याचं चित्र सांगत नाही. संघर्षवादी दृष्टिकोन हा प्रश्न विचारतो आणि तो विचारल्याशिवाय आमच्या खळ्याचं काहीही समजत नाही.

त्या प्रश्नाची एक धार आमच्याच वस्तऱ्याला लागलेली आहे, आणि ती मला खूप उशिरा कळली. १८९० साली मुंबईत न्हाव्यांची सभा भरली. गिरणी कामगारांची पहिली संघटना उभारणाऱ्या नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यामागे पुढाकार होता. विधवा बायकांचं केशवपन आम्ही करणार नाही, असं त्या न्हाव्यांनी ठरवलं. ज्यांच्या हाताशिवाय ती चाल चालू शकत नव्हती, त्यांनीच हात आखडता घेतला. प्रकार्यवादी भाषेत सांगायचं तर एका अवयवानं आपलं कार्य नाकारलं, आणि त्या नाकारण्यानं शरीराला स्वतःकडे बघायला लावलं. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. आमच्या लोकांच्या इतिहासात अशी अभिमानाची जागा आहे आणि ती माझ्या कुठल्याही अभ्यासक्रमात नव्हती!

माक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञावर मी वर्गात दोनच तास द्यायची, आणि त्यात त्याच्यावर अन्याय व्हायचा. पैसा आणि प्रतिष्ठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यानं स्पष्ट सांगितलं. ज्या शेतकऱ्यानं तळहात फिरवला तो कर्जात बुडालेला होता, त्याच्या घरात चहाला गूळ नसायचा. तरी आबांना अरे म्हणायचा त्याचा अधिकार कुठल्याही सावकाराकडे गहाण पडत नव्हता. मार्क्स एकटा घेतला तर हा माणूस निसटतो.

"ये रं." या दोन शब्दांकडे मी किती उशिरा पाहिलं! समाज ही वर कुठेतरी असलेली इमारत नाही; दोन माणसं समोरासमोर येतात, बोलतात, बसतात, उठतात, त्यातून तो रोज नव्यानं घडतो, असं मानणारी एक परंपरा अमेरिकेत वाढली. शिकागोच्या जॉर्ज हर्बर्ट मीड यांच्या विचारातून ती आली, आणि हर्बर्ट ब्लूमर यांनी १९३७ मध्ये तिला प्रतीकात्मक आंतरक्रियावाद हे नाव दिलं. मुलांना हे नाव पाठ करताना घाम फुटायचा. मी त्यांना सांगायची, नाव विसरा, आबांची हजामत डोळ्यांपुढे आणा.

पाटील ओसरीच्या पायरीवर बसलेले. आबा खाली, अंगणात, उकिडवे. पाटलांनी मान वर केली आहे आणि आबांचा वस्तरा त्यांच्या गळ्याच्या घाटीवर आहे. गावात दुसऱ्या कुणाची त्या गळ्याला हात लावायची छाती नव्हती. आबांची बोटं पाटलांचं नाक धरून वरचा ओठ ताणतात, कान दुमडतात. एवढी जवळीक. हजामत झाली की पाटील उठतात, वाड्याच्या मागच्या बाजूला जाऊन डोक्यावरून पाणी घेतात, आणि मग घरात शिरतात. आबा कापलेले केस गोळा करतात. कुणी काही बोललेलं नसतं. कुणी कुणाचा अपमान केलेला नसतो. पण कोण कुठे बसला, कुणी कुणाला काय म्हटलं, आणि कोण कशानंतर आंघोळीला गेला, एवढ्यात अख्खी उतरंड पुन्हा एकदा रचून झालेली असते. उद्या दुसऱ्या ओसरीवर पुन्हा.

चार्ल्स कूली या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९०२ साली एक फार साधी गोष्ट मांडली. माणूस स्वतःला दुसऱ्याच्या आरशात पाहतो. समोरच्याला मी कसा दिसतो, त्याला माझ्याबद्दल काय वाटत असेल, याची आपण मनात कल्पना करतो आणि तिच्यावरून आपल्याला अभिमान वाटतो किंवा लाज. आबा रोज लोकांपुढे आरसा धरायचे. लोक त्यांच्यापुढे कुठला आरसा धरत होते, ते मला खळ्यावर पाचव्या वर्षी दिसलं होतं. फक्त त्याला शब्द नव्हता.

आता आजीचं. आबांच्या बलुत्यात आजीचं काम धरलेलं असायचं, वेगळं मोजलेलं कधीच नसायचं. बाळंतिणीला न्हाऊ घालणं, बाळाला तेल लावून टाळू भरणं, शेक-शेगडी करणं, बारा-बारा दिवस ती त्या घरी राबायची. वर एखादं लुगडं, खण, नारळ मिळायचा, तो घरमालकिणीच्या मर्जीनं. बारा बलुतेदारांची नावं पुन्हा एकदा म्हणून बघा. सगळी पुल्लिंगी. कपडे धुवायला नदीवर परटीण जायची, मडक्यांची माती कुंभारीण तुडवायची, आणि यादीत परीट आणि कुंभार. स्त्रीवादी अभ्यासकांनी घरातलं काम हे काम म्हणून मोजायला लावलं, तेव्हा कुठे मला कळलं की माझ्या नोटमध्येही आजी नव्हती. मी स्वतः बाई, तिच्या मांडीवर वाढलेली, आणि मी एवढी वर्षं बलुतेदारी शिकवताना तिचा उल्लेख केला नव्हता! याचं मला अजून वाईट वाटतं.

माझं अकरावं वर्ष असेल शिकवण्याचं. २००२ साल. मी बलुतेदारी शिकवत होते. आता मी बरीच सुधारले होते; गाडा सांगायची, जू सांगायची, आजी सांगायची. तास संपत आला होता. खिडकीशेजारच्या बाकावरचा एक मुलगा उठला. शांत मुलगा, वर्षभरात कधी बोलला नव्हता. त्यानं विचारलं, "मॅडम, मग महारवाड्यातल्या माणसांची हजामत कोण करायचं?"

मी फळ्याकडे वळले. फळ्यावर मीच काढलेलं वर्तुळ होतं, मध्ये कुणबी आणि भोवती बारा जण, सगळ्यांना जोडणाऱ्या रेघा. न्हावी आणि महार यांच्यामध्येही मी रेघ काढली होती. सुबक रेघ. मी त्याला म्हटलं, "उद्या सांगते." आणि ते उत्तर द्यायला मला आठवडा लागला.

उत्तर मला माहीत होतं, हेच तर कठीण होतं. एखादी गोष्ट माहीत असूनही न दिसणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूरजवळच्या ज्या खेड्याचा अभ्यास केला, तिथं ते गावच्या मुखियाच्या जागेत राहिले होते. पुढे १९७० मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत त्यांची टिपणं जळाली आणि त्यांनी आठवणींवरून पुस्तक लिहिलं. आपण गाव वरच्या जातींच्या नजरेतून पाहिलं, ही कबुली त्यात आहे. मला ती कबुली फार मोलाची वाटते. मी तर वरच्या जातीची नव्हते. माझ्यावर अन्याय झाला होता, माझ्या आबांची शीग कापली होती, आणि त्या कापलेल्या शिगेच्या दुःखात माझ्या खालच्या पायरीवर कोण उभं आहे ते मी पाहिलं नव्हतं.

हे सांगणारा माणूस आमच्या महाराष्ट्राचाच होता. पंचविशीतल्या भीमराव आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जातींवरचा निबंध वाचला. जात म्हणजे दारं लावून घेतलेला वर्ग, आणि दाराची कडी म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. ती कडी टिकवायची तर बाईवर ताबा हवा. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह यांचा उगम त्यांनी तिथं शोधला. विधवेच्या डोक्यावरचा न्हाव्याचा वस्तरा आणि जातीची भिंत यांचा संबंध त्या निबंधाच्या उजेडात मला लागला. पुढे त्यांनी सांगितलं की ही विषमता श्रेणीबद्ध आहे: वर चढत जाणारा आदर, खाली उतरत जाणारा तिरस्कार. प्रत्येकाला वरच्याचा राग आणि प्रत्येकाच्या खाली कुणीतरी. म्हणून पीडितांची एक फळी होत नाही. दुर्खीम, मार्क्स, वेबर यांच्याइतकंच हे समाजशास्त्र आहे, आणि माझ्या एम.ए.च्या समाजशास्त्राच्या पेपरात ते नव्हतं. १९९८ मध्ये पुण्याच्या समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रीच्या जागेवरून समाज पाहायला हवा असं लिहिलं, तेव्हाही अनेकांना ती एका गटाची मागणी वाटली होती. मला वाटतं ती ज्ञानाची मागणी होती. जो उतरंडीच्या तळाशी उभा आहे त्याला सगळी मडकी दिसतात. वरच्या मडक्याला फक्त आभाळ दिसतं.

मग मी माझ्या आठवणीतल्या खळ्याकडे परत गेले. त्या दिवशी खळ्यावर सुतार होता, परीट होता, गुरव होता. महार नव्हते. लहानपणी मला ते नसणं दिसलंच नव्हतं. पूर्वी त्यांनाही बलुतं असायचं, सगळ्यांच्या मागून, लांब उभं राहून, खळ्याच्या तळाची मातेरं मिसळलेली झाडलोट. १९२८ साली बाबासाहेबांनी महारांना पिढ्यान्‌पिढ्या गावकामाला बांधून ठेवणाऱ्या महार वतनाविरुद्ध मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं होतं, ते तेव्हा मंजूर झालं नाही. वतनं कायद्यानं गेली ती १९५८ च्या कायद्यानं. पण त्याच्याआधी, १९५६ च्या धर्मांतरानंतर, आमच्या गावच्या महारवाड्यानं मेलेली ढोरं ओढणं सोडलं आणि खळ्यावर येणंही सोडलं. आबा पोत्याचं तोंड धरून उकिडवे बसले होते, तेव्हा ती माणसं खळ्यावर नव्हती, कारण त्यांनी हात पसरणं बंद केलं होतं. उपास पत्करून.

त्या रविवारी मी अण्णांकडे गेले. माझे वडील. १९७२ च्या दुष्काळात गावाला रासच पडली नाही, बलुतं आपोआप मोडलं. आबा आणि अण्णा दोघंही खडी फोडायला गेले, सरकारी मदतीच्या मिलो ज्वारीवर आणि सुकडीवर दिवस काढले, आणि पुढच्या वर्षी अण्णांनी तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडसमोर सलून टाकलं. लाकडी खुर्ची, दोन आरसे, रोख पैसे. मी लहानपणापासून त्या सलूनचा अभिमान बाळगला होता.

"अण्णा, गावात महारवाड्यातल्यांची हजामत कोण करायचं?"

"त्यांची ती करायची."

"आबांनी कधीच नाही?"

"न्हाय. केली असती तर पाटलानं आबांच्या हातात डोकं दिलं नसतं. मंग खायचं काय?"

थोडा वेळ गेला. धोकटी तेव्हा त्यांच्याकडे, खुंटीला असायची. ते तिच्याकडे बघत होते.

"आणि तुमच्या सलूनमध्ये?"

"पाटी लावली हुती की. समद्यांना परवेश. कायदाच हुता." मग बऱ्याच वेळानं, खालच्या आवाजात, "टावेल दोन ठेवले हुते. आनोळखी मान्साची जात कोन इचारतंय. पर आपल्या गावचं, वळखीचं कुनी आलं, की हात आपसूक खालच्या खुंटीकडं जायचा."

"किती दिवस?"

"वरीस-दीड वरीस. मंग एकदा धुवायला टाकले, ते मिसळले. पुन्यांदा येगळे केले न्हाईत."

मी विचारलं, "त्यांना कळायचं का, अण्णा?"

"म्होरं आरसा हुता, पोरी," अण्णा म्हणाले. "खुर्चीत बसलेल्याला मागची खुंटी दिसतीच की."